जाळ्याला लावलेला कात

पानाला लावतो तो कात स्कॉटलंडच्या कोळ्यांनी जाळ्यांना लावला, आणि तोही चिमटीने नव्हे, हंडेच्या हंडे उकळून. फाइफच्या किनाऱ्यावर अँस्ट्रदर नावाचं बंदर आहे. तिथे १९६९ साली सुरू झालेलं स्कॉटिश फिशरीज म्युझियम आहे. येणारा माणूस आधी होड्यांकडे वळतो, ते साहजिकच. जवळजवळ सत्तर फुटी ‘रीपर’ ही या संग्रहालयाची जुनी शिडाची होडी आहे. हेरिंग मासळीच्या मागे जाणारी. पण अशा संग्रहालयात खरं निरखावं ते तपकिरी जाळं. तो तपकिरी रंग हौसेचा नाही.

एकोणिसाव्या शतकात यंत्रावर विणलेली सुती जाळी आली. हेम्पच्या (भांगेच्या झाडाच्या वाखाच्या) जाळ्यांपेक्षा ती हलकी, म्हणून एका होडीवर जास्त जाळी मावू लागली. मात्र ओलं सूत जिवाणूंचं आवडतं खाणं. त्यात मासळीचं तेल, खवलं आणि चिखल अडकलेला. असं जाळं ढीग करून ठेवलं की आतून तापतं, आणि वरून धड दिसणारा धागा ओढताच तुटतो. त्यावर उपाय टॅनिनचा, म्हणजे झाडांच्या सालीत आणि गाभ्यात असणाऱ्या तुरट द्रव्याचा. आधी ओकची साल उकळत. पुढे हिंदुस्थानातून आणि बराचसा ब्रह्मदेशातून कात जाऊ लागला. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, काढा आटवून केलेल्या वड्या. कोकणात हेच काम कातकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी केलं. पण त्या वड्यांपैकी किती खोल समुद्रात गेल्या, याचा पान खाणाऱ्यांना पत्ता नव्हता.

कृती सोपी वाटते, पण घाईला माफ करत नाही. शंभर लिटर पाण्याला साधारण दोन किलो कात. वडी फोडूनच टाकायची. अख्खी टाकली तर तळाशी बसून करपते. पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं, मग कोरडं, स्वच्छ धुतलेलं जाळं बुडवायचं. मीठ आणि तेल राहिलं असेल तिथे रंग धरत नाही, आणि कुजणंही तिथूनच सुरू होतं. निथळून, पसरून वाळवायचं. समुद्राचं पाणी हळूहळू टॅनिन धुऊन नेतं, म्हणून हा खटाटोप हंगामात पुन्हा पुन्हा. डच लोकांनी कातानंतर मोरचूद आणि अमोनियाच्या पाण्यात जाळं बुडवून टॅनिन पक्कं करण्याची युक्ती काढली. जवसाचं तेल लावण्याचीही रीत होती. तेल धाग्याला वाचवतं खरं, पण तेलकट जाळी रचून ठेवली की वाळताना इतकी तापतात की आपोआप पेट घेऊ शकतात.

कोकणातले कोळीही ऐनासारख्या झाडांच्या सालींचा काढा करून जाळी रंगवत. झाड निराळं, रसायन तेच.

संग्रहालयात मात्र हे सगळं उलटं होतं. समुद्रात कुजणारं जाळं इथे कोरडं पडून ठिसूळ होतं. घडी घातली तर घडीवरच तुटतं, म्हणून गुंडाळीवर ठेवावं. उजेडाने रंग उडतो. लोखंडी खिळ्यावर तर टांगूच नये: टॅनिन आणि लोखंड मिळून शाई होते, खिळ्याभोवती काळा डाग पडतो आणि तिथलाच धागा आधी जातो. ओकच्या होडीत लोखंडी खिळ्यांभोवतीचं लाकूड काळं पडतं, तेही याच कारणाने.

१९५०च्या दशकात नायलॉन आलं आणि उकळण्याचे हंडे थंडावले. नायलॉन कुजत नाही, पण ऊन त्याला सोसत नाही. त्यामुळे सातपाटीसारख्या आपल्या एखाद्या गावात उद्या असं दालन निघालं, तर काचेच्या तावदानाशी उन्हात नायलॉनचं जाळं लटकवू नये. आणि सुती जाळं मिळालंच, तर त्याच्याशेजारी काताची वडीही ठेवावी. नुसत्या जाळ्यावरून तो रंग कशाचा ते कुणाला कळणार नाही.