२८ व्होल्टची आर्क-शोधक मांडणी, नोंद तिसरी: ब्रेकरला न दिसणारा बिघाड

आर्क, म्हणजे सैल किंवा तुटक्या जोडातील फटीतून सतत वाहणारी विद्युत ठिणगी, ओळखून पुरवठा तोडणारा शोधक मी तयार करतो आहे. त्यासाठी मागील नोंदीत ठरवल्याप्रमाणे, विमानातील दिष्ट (डीसी) प्रवाहाच्या वाहिन्यांसारखी २८ व्होल्टची मांडणी आता टेबलावर उभी राहिली आहे. टोकदार केलेली कार्बनची कांडी, तिच्यासमोर सपाट तोंडाची तांब्याची कांडी आणि दोहोंमधील अंतर अगदी बारीक प्रमाणात बदलणारा स्क्रू, एवढीच आर्क निर्माण करणारी जोडणी आहे. तिच्याशी ५.६ ओहमचा रोध एकसर जोडल्यामुळे कांड्या टेकलेल्या असताना ५ अँपिअर प्रवाह वाहतो. स्क्रू किंचित मागे घेतला की तेलात पाण्याचा थेंब पडावा तसा चरचर आवाज येतो, वेल्डिंगच्या काचेतून एक निळसर ठिपका दिसतो आणि ऑसिलोस्कोपवरील (विद्युत संकेतांचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावरील) प्रवाहाची रेषा घसरून २.१ अँपिअरच्या आसपास थरथरू लागते.

ही घसरण हाच सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. आर्कवर सुमारे १६ व्होल्ट पडतात, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान जागेत जवळपास ३४ वॅट उष्णता तयार होत असते आणि त्याच वेळी तारेतील प्रवाह निम्म्याहून कमी झालेला असतो. नेहमीचा सर्किट ब्रेकर द्विधातूची पट्टी तापून वाकल्यावर तुटतो. त्याच्या दृष्टीने या वाहिनीवरचा भार कमी झालेला आहे, त्यामुळे तो कितीही वेळ थांबला तरी तुटणार नाही. हा झाला एकसर आर्क, म्हणजे एकाच तारेच्या मार्गात लागलेला. समांतर आर्कमध्ये, म्हणजे दोन तारांमध्ये किंवा तार आणि विमानाचा सांगाडा यांच्यामध्ये, प्रवाह मोठा असतो खरा, परंतु तो तुटक झटक्यांनी वाहत असल्याने तेथेही पट्टीला तापायला पुरेसा वेळ मिळेलच असे नाही. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे एमडी-११ विमान नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ कोसळून २२९ जण मृत्युमुखी पडले. त्या अपघाताच्या तपास अहवालात, विमानातील ब्रेकर इतर विमानांत सर्रास वापरले जाणारेच होते आणि तारांमधील सर्व प्रकारच्या आर्कपासून संरक्षण देण्याची क्षमता त्यांच्यात नव्हती, असे स्पष्ट नमूद केले आहे.

आर्कची सुरुवात कशी होते, याविषयी माझी स्वतःची समजूत या महिन्यात सुधारली. हवेतील फट केवळ विद्युतदाबाच्या जोरावर ओलांडायला किमान सुमारे ३२७ व्होल्ट लागतात. उंचीवर दाब घटला तरी हा किमान आकडा तोच राहतो, फक्त तो अधिक रुंद फटीला लागू होतो. विमानातील ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती (एसी) पुरवठ्याचे शिखर १६३ व्होल्टच असल्यामुळे तेथे आर्क सहसा उडी मारून लागत नाही, तर सैल टर्मिनल, घासलेली तार किंवा ओल यांतून लागतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर मात्र ३२५ व्होल्ट, म्हणजे अगदी उंबरठ्यावर, आणि अधिक-उणे २७० व्होल्टच्या दिष्ट वाहिन्यांमध्ये आपसांत ५४० व्होल्ट. शिवाय ४०० हर्ट्झवर प्रवाह दर १.२५ मिलिसेकंदांनी शून्यावर येतो आणि आर्कला विझण्याची संधी मिळते. दिष्ट प्रवाहात ती कधीच मिळत नाही.

आता शोधकाकडे वळतो. प्रवाहाचे सॅम्पलिंग, म्हणजे ठरावीक अंतराने मोजणी, सेकंदाला एक लाख वेळा होते आणि १ मिलिसेकंदाच्या प्रत्येक खिडकीत (कालखंडात) २ ते १५ किलोहर्ट्झ पट्ट्यातील गोंगाट मोजला जातो. पहिले दहा दिवस ३ किलोहर्ट्झवर एक ठळक सुळका दिसत होता आणि मी त्यालाच आर्कची खूण समजून बसलो होतो. एकदा कांड्या घट्ट टेकलेल्या असतानाही तो दिसला, तेव्हा डोळे उघडले. तो माझ्याच मायक्रोकंट्रोलरच्या पॉवर सप्लायचा २९७ किलोहर्ट्झचा गोंगाट होता आणि सॅम्पलिंगचा दर त्याच्यासाठी अपुरा असल्यामुळे दुमडून, म्हणजे खोट्या कमी वारंवारतेचा भासून, ३ किलोहर्ट्झवर येऊन बसला होता. एडीसीच्या (संकेताचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या भागाच्या) आधी रोध-संधारित्राच्या दोन पायऱ्यांचा फिल्टर लावताच तो नाहीसा झाला. खऱ्या आर्कच्या गोंगाटाला असा सुळका नसतोच. तो पट्टाभर पसरलेला असतो आणि वारंवारता वाढत जाईल तसा ओसरत जातो.

त्यानंतरचा अडथळा अधिक महागात पडला. ब्रश असलेली मोटर सुरू केली की कम्युटेटरच्या (ब्रश घासतात त्या फिरत्या भागाच्या) ठिणग्यांमुळे शोधक प्रत्येक वेळी पुरवठा तोडत असे. मोटरचे इंडक्टन्स (चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठवण्याची क्षमता) सुमारे १ मिलिहेन्री आणि सुरुवातीचा प्रवाह १० अँपिअर असल्याने प्रत्येक चुकीच्या तोडणीत ५० मिलिजूल ऊर्जा मॉसफेटवर, म्हणजे पुरवठा तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर, आदळत होती, कारण ती ऊर्जा वळवून घेणारा फ्रीव्हीलिंग डायोड लावण्याचा मी आळस केला होता. शेवटी मॉसफेट जळला आणि तो उघडा न राहता शॉर्ट झाला. संरक्षण करणारा स्विचच कायमचा चालू अवस्थेत अडकणे याहून वाईट बिघाड नाही. आता डायोड आहे आणि मॉसफेटच्या आधी साधा फ्यूजही आहे.

सध्याची कसोटी अशी आहे: सरासरी प्रवाह अचानक खाली आला पाहिजे, परंतु शून्यावर जाता कामा नये, आणि त्यानंतरच्या १२ खिडक्यांपैकी किमान ८ खिडक्यांत गोंगाट मर्यादेपेक्षा जास्त, शिवाय एकमेकींशी विसंगत असला पाहिजे. मोटर सुरू होताना प्रवाह वर जातो आणि तिचा गोंगाट फेऱ्यांच्या तालात बांधलेला असतो, म्हणून ती या चाळणीतून सुटते. स्विच बंद केल्यास गोंगाट एकाच खिडकीत येऊन संपतो. १२ मिलिसेकंदांत तोडणी झाली तर आर्कमध्ये साधारण ०.४ जूल जातात. एक सेकंद लागला असता तर ३४ जूल गेले असते. फरक कांडीवरही दिसतो: लवकर तोडलेल्या प्रयोगांनंतर तांब्यावर फक्त धुरकट डाग उरतो, तर शोधक बंद ठेवून केलेल्या प्रयोगात तांब्याची कड वितळून तिचा चकचकीत मणी झाला आणि कार्बनला खळगा पडला.

ही कसोटी एकसर आर्कपुरतीच आहे, कारण समांतर आर्कमध्ये प्रवाह खाली नव्हे तर वर उसळतो. त्यासाठी पुढच्या टप्प्यात पॉलिइमाइड आवरणाच्या दोन तारांना शेजारी-शेजारी चिरा देऊन त्यांवर मिठाचे पाणी थेंबाथेंबाने सोडण्याचा प्रयोग करणार आहे. हे आवरण जळाल्यावर त्याचा वाहक कोळसा होतो आणि आर्क तारेवरून पुढे सरकत जातो. धूर बाहेर ओढणारा पंखा बसेपर्यंत मात्र तो प्रयोग स्थगित आहे.