तीनशेसाठ केबीचा हिशेब

डॉस, म्हणजे जुन्या पीसीची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हटलं की काळा पडदा आणि लुकलुकता कर्सर एवढंच आठवतं. पण डॉसचं खरं काम चालायचं फ्लॉपीवर, आणि ते चक्क कारकुनी होतं. कुठली जागा कुणाची, किती उरली, कुणाच्या मागे कोण.

सत्तरच्या दशकात गॅरी किल्डॉलच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमने ही कारकुनी प्रोग्रामरच्या डोक्यावरून उतरवली. यंत्राशी थेट बोलणारा भाग, म्हणजे बायॉस, वेगळा काढला. नवं मशीन आलं की तेवढाच पुन्हा लिहायचा. १९८१ साली टिम पॅटरसनच्या ८६-डॉसवरून आलेल्या एमएस-डॉसनेही हीच मांडणी ठेवली. वर्ड प्रोसेसर लिहिणाऱ्याने ‘फाइल उघड’ एवढं सांगायचं. वाचायचं-लिहायचं हेड कितव्या ट्रॅकवर, म्हणजे फ्लॉपीवरच्या कितव्या गोल पट्टीवर, न्यायचं ही डॉसची डोकेदुखी.

सव्वापाच इंची ३६० केबीची फ्लॉपी घ्या. बाजू दोन, दर बाजूला ४० ट्रॅक, ट्रॅकला ९ सेक्टर, म्हणजे तुकडे, सेक्टरला ५१२ बाइट. झाले ७२० सेक्टर. त्यातला पहिला बूटचा, म्हणजे यंत्र सुरू करतानाचा. पुढचे चार फॅट नावाच्या तक्त्याचे, दोन मूळ प्रतीला आणि दोन नकलेला. मग सात डिरेक्टरीला, म्हणजे फाइलींच्या यादीला. उरलेले ७०८ दोन-दोनच्या जोडीने वाटले की ३५४ क्लस्टर होतात. डिरेक्टरीत नोंदी मावायच्या फक्त ११२. म्हणजे चार-चार ओळींची, एकेका क्लस्टरात मावणारी ११२ पत्रं ठेवली की दोन तृतीयांश फ्लॉपी रिकामी असूनही पुढच्या पत्राला नकार! सब-डिरेक्टरी केली की सुटका, पण ती सोय १९८३च्या २.० आवृत्तीपासूनची.

एकेक नोंद ३२ बाइटची. नावाला ८, एक्स्टेन्शनला ३, आणि पुढे वेळ, तारीख, आकार नि पहिल्या क्लस्टरचा नंबर. दुसरा क्लस्टर कोणता? फॅटमध्ये दर क्लस्टरला एक घर, ते पहिल्याच्या घरात लिहिलेलं. तिसरा दुसऱ्याच्या घरात. असं करत करत ‘संपलं’ या खुणेपर्यंत. घर १२ बिटांचं, म्हणजे दीड बाइटचं. हा चिक्कूपणा उगाच नव्हता. सुरुवातीच्या १६० केबी फ्लॉपीवर क्लस्टर एकाच सेक्टरचा, असे ३१३ क्लस्टर होते. दीड-दीड बाइटमध्ये त्यांचा अख्खा तक्ता एका सेक्टरात बसतो, दोन-दोन दिले असते तर दुसरा सेक्टर लागला असता.

फाइल खोडताना डॉस नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी २२९ हा आकडा टाकायचा, हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या मोजणीत) ई५, आणि फॅटमधली तिची घरं शून्य करायचा. बस. हा आकडा वारशाने आलेला. आठ इंची फ्लॉपी फॉर्मॅट केली की तिच्यावर हाच भरलेला असायचा, म्हणून सीपी/एमने त्यालाच ‘जागा रिकामी’ ठरवलं. मजकुराला मात्र हातही लागत नसे. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून जमीन थोडीच हलते? खोडलेली फाइल परत आणणारा ‘अनडिलीट’ म्हणूनच नावाचं पहिलं अक्षर विचारायचा. पण साखळी पुसलेली असल्यामुळे क्लस्टर ओळीने असतील असं धरूनच त्याला चालावं लागे. तुकडे विखुरलेले असले की सगळा खेळ खलास. खोडल्यावर त्या फ्लॉपीवर काहीही लिहू नये ते याचसाठी. अनडिलीटचा प्रोग्रामसुद्धा तिच्यावर कॉपी करू नये.

लिहिता लिहिता वीज गेली तर क्लस्टर फॅटमध्ये अडवलेले, पण डिरेक्टरीत त्यांचा वाली नाही, अशी गत व्हायची. डॉसचा दुरुस्तीचा प्रोग्राम ‘चेकडिस्क /एफ’ अशा बेवारस साखळ्या गोळा करून ‘फाइल०००० डॉट सीएचके’ या नावाने हवाली करायचा. साधा मजकूर असेल तर त्यातून बरंच वाचवता येई. डेटाबेस असेल तर नाद सोडलेला बरा.

कधी हिशेब चोख असूनही घात होई. नंतर आलेल्या १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ८० ट्रॅक, त्यामुळे हेड अरुंद. ३६० केबीच्या फ्लॉपीवर त्याने लिहिलं की पट्टी निम्म्या रुंदीची उमटे आणि कडेला जुन्या मजकुराचा अंश राहून जाई. तीच फ्लॉपी जुन्या ड्राइव्हमध्ये घातली की त्याचं रुंद हेड नवं-जुनं एकदम वाचणार आणि ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ विचारणार. तिथे दहादा रिट्राय करण्यात अर्थ नाही. दोन्ही ड्राइव्ह वापरात असतील तर लिहायचं जुन्यावर. नव्यावर नुसतं वाचायचं.