पँथर आधी मतपत्रिकेवर आला

आंबेडकर जयंतीच्या दिवसांत कुठे बोलायला गेलो की कार्यक्रम संपल्यावर, चहा घेताना, कुणीतरी हा प्रश्न काढतंच: ‘सर, पँथर म्हणजे शेवटी राडाच ना? अमेरिकेतले काळे बंदुका घेऊन फिरायचे, ते पाहून आपल्या पोरांनी नाव उचललं.’

१९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली आणि नाव ब्लॅक पँथर पार्टीवरून घेतलं, एवढं बरोबर आहे. बंदुकाही खोट्या नाहीत. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये त्या पक्षाचे संस्थापक ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांचे कार्यकर्ते पोलिसांवर नजर ठेवायला हत्यारं घेऊन रस्त्यावर उतरत. पण ऑकलंडचा पक्ष ऑक्टोबर १९६६चा. त्याच्या काही महिने आधीपासून काळा पँथर अलाबामा राज्यातल्या एका खेडवळ काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) निवडणुकीची निशाणी होता. तुम्ही विचारलंत म्हणून त्या काउंटीबद्दल सांगतो. तिथल्या पँथरबद्दल मला जरा जास्तच ममत्व आहे, हे आधीच कबूल.

लाउंड्स काउंटी. सेल्मा ते राज्याची राजधानी माँटगोमेरी हा मार्टिन ल्यूथर किंग यांचा मतदान हक्कासाठीचा १९६५चा मोर्चा जगाला ठाऊक आहे; त्या रस्त्याचा मोठा तुकडा या काउंटीतून जातो. लोकसंख्या जेमतेम १५ हजार, पाचातले चार काळे. बहुतेक सगळी जमीन मात्र ८६ गोऱ्या कुटुंबांच्या हातात. १९६५ उजाडलं तेव्हा मतदारयादीत एकाही काळ्या माणसाचं नाव नव्हतं. गोऱ्यांची नोंदणी तेवढी शंभर टक्क्यांच्याही वर, कारण मेलेले आणि गाव सोडून गेलेले यादीतून कुणी काढलेच नव्हते. (आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटू नये.) मार्चमध्ये दोन काळी नावं यादीत चढली. त्यातलं एक जॉन ह्युलेट यांचं.

मोर्चा निघून गेला, कॅमेरे गेले. त्याच रात्री, २५ मार्चला, मोर्चेकऱ्यांना गाडीतून पोचवणाऱ्या व्हायोला लिउझो यांना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या लोकांनी याच काउंटीत गोळ्या घातल्या. बहुतेकांची गोष्ट इथे संपते. ‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेच्या स्टोकली कारमायकल यांनी मात्र मोर्चाच्या वेळीच एक काम करून ठेवलं होतं: मोर्चा पाहायला रस्त्याच्या कडेला जी स्थानिक माणसं आली, त्यांची नावं-पत्ते टिपून घेतले. मोर्चा गेल्यावर ते आणि त्यांचे सोबती त्याच यादीतल्या घरांचे उंबरे झिजवायला लागले. ओसरीवर बसायचं, बोलायचं, उद्या पुन्हा यायचं. चर्चमध्ये सभा घ्यायच्या. ह्युलेट आणि गावकऱ्यांनी आपली स्थानिक संघटना आधीच उभी केली होती, म्हणून बाहेरच्या पोरांना पाय ठेवायला जागा मिळाली.

६ ऑगस्ट १९६५ला मतदान हक्क कायद्यावर सही झाली आणि नोंदणीसाठी केंद्र सरकारची माणसं आली. आता नाव नोंदवायला साक्षरतेची परीक्षा नाही. पण जमीनमालक यादी वाचू शकत होते. ज्याचं नाव चढलं त्याला जमिनीवरून उठवलं. वाट्याने शेती करणाऱ्याचं घरही मालकाचंच, म्हणजे एका फटक्यात काम, छप्पर, किराणा दुकानातली उधारी, सगळं बंद. गावकीने वाळीत टाकणं ज्यांच्या घराने भोगलंय, त्यांना हे समजावून सांगायला लागत नाही. हाकललेल्या कुटुंबांसाठी डिसेंबरअखेर हमरस्त्यालगत तंबू ठोकले. रात्री येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांतून त्या तंबूंवर गोळ्या झाडल्या जात. तरी लोक तिथे दोनेक वर्षं राहिले.

नाव चढलं, पण मत द्यायचं कुणाला? तेव्हा अलाबामात राज्य डेमोक्रॅटिक पक्षाचं. त्याची निशाणी पांढरा कोंबडा, आणि कोंबड्याच्या डोक्यावर ब्रीद: गोऱ्यांचं वर्चस्व. काळे उमेदवार उभे राहणार असं दिसताच त्या पक्षाने काउंटीच्या जागांसाठीची ५० डॉलरची उमेदवारीची फी ५०० केली. स्निकचे संशोधक जॅक मिनिस यांनी कायद्याच्या पुस्तकांतून एक विसरलेलं कलम शोधून काढलं: काउंटीपुरता स्वतंत्र पक्ष काढता येतो. त्यासाठी निशाणी हवी, कारण मतदारांतले पुष्कळ जण निरक्षर. अशी निघाली लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन, आणि कोंबड्यासमोर उभा राहिला काळा पँथर. चित्राचा नमुना अटलांटातल्या क्लार्क कॉलेजच्या बोधचिन्हाचा. ह्युलेट सांगत, हा प्राणी दाबत गेलात तर मागे सरतो, कोपऱ्यात कोंडलात की मात्र जिवावर उदार होऊन बाहेर येतो.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो आणि सभेत तो सांगायला लागलो की लोक घड्याळाकडे बघतात. या नव्या पक्षाने वर्ग भरवले. शेरीफ म्हणजे काउंटीचा निवडून येणारा पोलीसप्रमुख, त्याचे अधिकार काय, मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर काय करतो, शाळा मंडळ पैसा कुठून आणतं, हे सगळं चित्रांच्या पुस्तिका काढून शिकवलं. करआकारणी अधिकाऱ्याचं पद तर फार मोक्याचं. बड्या मळ्यांची किंमत कागदावर कमी लावली जाई आणि त्याचा भुर्दंड शाळा-रस्त्यांना बसे. हे कळल्यावर अ‍ॅलिस मूर याच पदासाठी उभ्या राहिल्या आणि भाषण एका वाक्यात उरकलं: श्रीमंतांवर कर लावा, गरिबांना जेवू घाला. आमच्याकडे तलाठ्याच्या कार्यालयात काय चालतं हे शिकवणारं शिबिर कुठल्या चळवळीने किती वेळा घेतलंय, हे मी विचारतो तेव्हा चहा थोडा थंड होतो.

३ मे १९६६ला उमेदवार निवडायचे होते. शेरीफने कोर्टाच्या आवारात सभा होऊ दिली नाही, म्हणून जवळच्या चर्चच्या मैदानात सुमारे ९०० माणसं जमली आणि सात उमेदवार ठरले. नोव्हेंबरमध्ये सातही पडले. मळेवाल्यांनी आपल्या कुळांना ट्रकमधून आणून कोंबड्याला मतं द्यायला लावली. पण पक्ष म्हणून मान्यता मिळायला लागणारी २० टक्के मतं पँथरला सहज पडली. १९७०ला ह्युलेट शेरीफ झाले. ज्या कार्यालयातून आजवर दहशत चालत होती त्याच्या खुर्चीत तेच बसले. पुढे त्यांनी गोऱ्या पुढाऱ्यांशी फारच जुळवून घेतलं अशी टीका त्यांच्यावर झाली, आणि ती बिनबुडाची नव्हती.

‘मग सुटला का प्रश्न?’ हा उपप्रश्न ठरलेला. २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अलाबामातल्याच शेल्बी काउंटीच्या खटल्यात मतदान हक्क कायद्याचा कणा मोडला: भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे, ती आता लागत नाही. खुद्द लाउंड्समध्ये भांडण सांडपाण्याचं आहे. तिथल्या चिकण काळ्या मातीत पाणी मुरत नाही, त्या जमिनीत चालेल अशी शौचालयाची टाकी गरिबाला परवडत नाही, आणि मैला अंगणात साचतो. कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांनी वर्षानुवर्षं हे चव्हाट्यावर आणलं, तेव्हा कुठे २०२३ला केंद्राच्या न्याय खात्याने राज्याच्या आरोग्य खात्याशी करार केला. टाकी नाही म्हणून लोकांवर खटले भरायचे नाहीत आणि व्यवस्था उभी करायची, असं त्यात होतं. एप्रिल २०२५मध्ये ट्रम्प सरकारने तो करार मोडला. वंशाच्या आधारे झुकतं माप देणारा आहे, असं कारण दिलं. काउंटीचा कारभार काळ्यांच्या हातात येऊन बरीच वर्षं झाली. पण आरोग्य खातं राज्याचं आहे, ते माँटगोमेरीतून चालतं.