हेन्री हूथ : पेढीवरचा पुस्तकवेडा

श्रीमंतांनी पुस्तकं जमवणं काही नवीन नाही, पण लंडनच्या हेन्री हूथबद्दल वाचलं आणि हा माणूस मला फारच आवडला. जन्म १८१५ चा, वडील फ्रेडरिक हूथ मूळचे जर्मन, लंडनमधली मोठी पेढी त्यांचीच. पोराला कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात पाठवायचं म्हणून शाळेतच फारसी, अरबी, हिंदुस्तानी शिकवलं, पण १८३३ मध्ये कंपनीच्या सनदेचे नियम बदलले आणि तो बेत बारगळला, मग बसवला पेढीवर. तिथे जीव रमेना, तब्येत बिघडली, मग कितीतरी वर्षं प्रवासच.

नंतर परत पेढीत आला तरी खरं वेड पुस्तकांचंच, रोज मोठमोठ्या पुस्तकविक्रेत्यांकडे चक्कर ठरलेली. विषय कुठलाही चालेल पण प्रत अव्वल हवी, अपुऱ्या प्रतींना तो ग्रंथालयातले महारोगी म्हणायचा! हे जरा जास्तच कठोर वाटतं मला, फाटक्या पुस्तकांवरही माया असावी माणसाची. गुटेनबर्गचं बायबलसुद्धा, म्हणजे युरोपात सुट्या खिळ्यांनी छापलेलं पहिलं मोठं पुस्तक, होतं त्याच्याकडे.

१८७८ मध्ये तो गेला, मुलगा आल्फ्रेडने १८८० मध्ये त्याच्या संग्रहाची पाच खंडांची सूची छापली. आल्फ्रेडच्या मृत्युपत्रानुसार ब्रिटिश म्युझियमला आपल्या पसंतीची ५० पुस्तकं निवडता आली, बाकीचा संग्रह १९११ पासून सदबीजच्या लिलावांत विकला गेला, ते लिलाव पुढे कित्येक वर्षं चालले.