साडेआठशे ग्रॅमचा तंबू : रतनवाडी ते खिरेश्वर, चार रात्री

रतनगड–कात्राबाई–हरिश्चंद्रगड हा रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेने एका गडावरून दुसऱ्यावर चालत जाणं, मी पूर्वी दोनदा ग्रुपबरोबर केला होता. तेव्हा दोघींमध्ये एक डोम टेंट असायचा. वजन २ किलो ४०० ग्रॅम. पोल एकीकडे, कापड दुसरीकडे अशी वाटणी व्हायची. या नोव्हेंबरच्या शेवटी, सोमवार ते शुक्रवार, एकटीच गेले. वजन वाटून घ्यायला कोणी नव्हतं आणि पंचेचाळिशीतले गुडघे आता प्रत्येक किलोचा हिशोब मागतात, म्हणून या वेळी एकट्यापुरता अल्ट्रालाइट तंबू घेतला. असा तंबू घ्यावा का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं आहे. चार रात्री चार वेगळ्या जागी काढल्यावर जे कळलं ते लिहिते आहे.

तंबू आहे सिंगल वॉल, म्हणजे एकाच कापडाचा, आतबाहेर असे दोन थर नाहीत. कापड २० डेनिअरचं (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) सिलनायलॉन, म्हणजे सिलिकॉन चढवलेलं नायलॉन. स्वतःचा पोल नसतो, आपली कमी-जास्त लांब होणारी चालायची काठीच मधोमध १२५ सेंटीमीटरवर उभी करायची आणि सहा पेग, म्हणजे खुंट्या, ताणून ठोकायचे. पाकिटावर ६९० ग्रॅम लिहिलं होतं. घरच्या वजनकाट्यावर पेग, दोऱ्या, पिशवी आणि शिवणींवर लावलेलं सिलिकॉन धरून बरोबर ८५० भरलं. खाली अंथरायचं जाड प्लॅस्टिक आणखी ११० ग्रॅम. विकत घेताना पाकिटावरचा आकडा धरू नका, त्यात १५० ते २५० ग्रॅम मिळवूनच तुलना करा.

पहिली रात्र रतनवाडीला. कसारा, घोटी, शेंडीमार्गे पोहोचले तेव्हा चार वाजून गेले होते. अमृतेश्वराचं दर्शन घेतलं आणि भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी, हिरव्या सपाट गवतावर तंबू लावला. जागा इतकी सुंदर होती की दुसरं काही बघितलंच नाही. थंडी वाटली म्हणून दोन्ही पडदे गच्च लावून घेतले. रात्री तीनला कपाळावर थेंब पडला आणि जाग आली. टॉर्च लावला तर छताच्या आतल्या बाजूला दाट दव साचलेलं. कापड सैल पडून झोळीसारखं खाली आलेलं, आणि स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग त्याला टेकून ओला झालेला.

यात तंबूचा दोष नव्हता, जागा निवडताना मी चुकले होते. रात्री आकाश निरभ्र असलं की कापड आपली उष्णता वर सोडून देतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. त्यात आपण रात्रभर श्वासावाटे वाफ सोडत असतो. पाण्याकाठची हवा आधीच दमट, आणि डोंगरावरची गार हवा उतरून अशाच खोलगट जागी साठते. वारा नाही. मग सगळी वाफ कापडावरच उतरणार. दोन थरांच्या तंबूत ते पाणी बाहेरच्या कापडावर राहतं आणि आतली जाळी आपल्याला त्यापासून दूर ठेवते. इथे मध्ये काही नाही. वर सिलनायलॉनमधलं नायलॉन पाणी पिऊन सैलावतं, त्यामुळे संध्याकाळी तबल्यासारखा ताणलेला तंबू पहाटे लोंबतो. झोपण्यापूर्वी एकदा बाहेर येऊन सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणून घ्यायच्या, ही सवय मी त्या रात्रीनंतर लावून घेतली. काठीही आतून दोनेक सेंटीमीटर वाढवली तर छप्पर परत ताठ होतं. पॉलिस्टरचं कापड, सिलपॉली, इतकं सैलावत नाही. आज पुन्हा घ्यायचा झाला तर मी तेच घेईन.

सकाळी एक फडकं फार कामाला आलं. भांडी पुसायचं मायक्रोफायबरचं साधं फडकं, आतून पुसायचं, पिळायचं, पुन्हा पुसायचं. तंबू ओलाच घडी करून सॅकच्या बाहेरच्या जाळीत ठेवला आणि अकरा वाजता गडाखालच्या वाटेवर ऊन लागलं तिथे पंधरा मिनिटं झुडपांवर पसरला. तेवढ्यात खडखडीत. करवंदीच्या जाळीवर मात्र पसरू नका, काटे लागतात.

दुसरी रात्र रतनगडावर. शिड्या चढताना पाठीवर साडेनऊ किलो होते, पाणी आणि चार दिवसांचा शिधा धरून. पूर्वी याच शिड्यांवर सॅक मागे खेचायची, तोल सांभाळावा लागायचा. या वेळी दोन्ही हात मोकळे आणि जीव निवांत. गणेश दरवाजाच्या वरच्या अंगाला गुहा आहे, तिथे मुक्काम केला, आणि इथे हा तंबू निरुपयोगी ठरला. गुहेच्या दगडी जमिनीत पेग जात नाहीत आणि पेगशिवाय हा तंबू उभाच राहत नाही. डोम टेंट गुहेतही आपल्या पायांवर उभा राहतो, डास आणि उंदीर बाहेर ठेवतो. मी प्लॅस्टिक अंथरून, डोक्यावर जाळीची टोपी घालून झोपले. तुमचे मुक्काम बहुतेक गुहेत, देवळात किंवा शाळेच्या पडवीत होत असतील तर असा तंबू घेऊ नका. नुसती डासांची जाळी आणि अंथरायला एक कापड एवढं नेलं तरी पुरतं, आणि ते त्याहून हलकं.

गडावर माकडं आहेत आणि ती धीट आहेत. खाऊ तंबूत ठेवून नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, सूर्यास्त बघायला गेलात तर परत आल्यावर जाळी फाटलेली मिळेल. खाऊ सॅकमध्ये आणि सॅक पाठीवर.

तिसऱ्या दिवशी शिड्या उतरून जंगलातल्या फाट्यावरून कात्राबाईच्या खिंडीकडे. एक विनंती, ही वाट एकट्याने पहिल्यांदा करत असाल तर रतनवाडीतून माहीतगार दादा सोबत घ्या. गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की नकाशा हातात असूनही चुकायला होतं. मी वाट माहीत असूनही खिंडीपर्यंत सोबत घेतली होती. खिंडीत कात्राबाईच्या ठाण्यापाशी दादा माघारी फिरले, आणि मी कुमशेतला उतरले.

कुमशेतमध्ये ओळखीच्या घरी जेवण सांगितलं आणि घराखालच्या कापणी झालेल्या भातखाचरात तंबू काढला. सपाट, मऊ, बांधामुळे वाऱ्याचा आडोसा. मावशी भाकरी थापता थापता उठून आल्या.

"तिथं नको गं ताई. रात्री सगळं दहिवर तिथंच उतरतं. वर आंब्याखाली लाव."

आंबा खाचरापासून पंधरा-वीस पावलं वर होता. जमीन थोडी उतरती होती, मुळं होती. मी उताराकडे पाय करून तंबू लावला. दोन्ही पडदे वर गुंडाळून ठेवले, फक्त जाळी बंद. रात्री चांगलीच थंडी होती, लोकरीची टोपी घालून झोपावं लागलं, पण सकाळी छताला आतून बोट लावलं तर कोरडं. खाली खाचरातल्या पेंढ्यावर मात्र दव इतकं की चालताना चपला भिजल्या. झाडाचा पसारा उघड्या आकाशाच्या आड येतो, त्यामुळे कापड तितकं गार होत नाही, आणि थोडं उंचावर असल्याने गार हवा खाली निघून जाते. मावशींनी एका वाक्यात जे सांगितलं ते कळायला मला रतनवाडीची एक अख्खी रात्र भिजावं लागलं होतं. जिथे मुक्काम कराल तिथल्या माणसांना आधी विचारा, तंबू मग उघडा. झाडाखाली लावताना मान वर करून वाळलेल्या फांद्या तेवढ्या बघून घ्या.

पेठ्याची वाडी करून पाचनईला पोहोचले. वन विभागाच्या नाक्यावर नोंद केली, शुल्क भरलं आणि गडावर तंबू कुठे चालेल ते विचारून घेतलं. हा सगळा भाग कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मुक्कामाचे नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या आठवड्यात विचारून मगच बेत ठरवा. पाचनईची वाट सोपी, कड्याच्या पोटातून जाणारी. दोन तासांत देवळापाशी.

हरिश्चंद्रगडाची रात्र या तंबूची खरी परीक्षा होती. देवळाकडून कोकणकड्याकडे जाताना सगळं पठार म्हणजे कातळावर वीतभर माती. काही जागी पेग दोन इंच जातो आणि खणकन थांबतो. जोर केला तर वाकतो. माझा एक तिथेच वाकला. तिथे दगडाचा उपाय करायचा. दोरीच्या टोकाला मोठा फास करून तो एका मुठीएवढ्या दगडाभोवती किंवा आडव्या काडीभोवती अडकवायचा, आणि त्याच्यापुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवर एक जड दगड ठेवायचा. तंबू दोरी ओढतो तेव्हा लहान दगड मोठ्यात जाऊन रुततो. नुसता पेगवर दगड ठेवला तर तो वाऱ्याच्या दहाव्या झटक्याला निसटतो. यासाठी दोऱ्या लांब हव्यात, प्रत्येक टोकाला किमान दीड मीटर. तंबूबरोबर आलेल्या आखूड दोऱ्या मी घरीच बदलल्या होत्या. दगड मात्र माळावरचे सुटे घ्या आणि सकाळी जिथले तिथे ठेवा. गडावरचे घडीव दगड, चौथऱ्यांचे, समाध्यांचे, कितीही सोयीचे दिसले तरी हात लावायचा नाही. याबाबत माझं मत पक्कं आहे. आपल्या एका रात्रीसाठी शेकडो वर्षांचं काम विस्कटायचा अधिकार आपल्याला नाही.

कड्याच्या कडेला लावायचा मोह टाळला, बराच आत लावला. संध्याकाळी वारा कोकणातून वर येत होता, म्हणून तंबूची ठेंगणी मागची बाजू कड्याकडे आणि दार देवळाकडे केलं. अकराच्या सुमारास वारा पडला, आणि मध्यरात्रीनंतर उलटा, घाटमाथ्याकडून कड्याकडे वाहू लागला. थेट दारात. तंबू फुग्यासारखा फुगायला लागला, आणि एका झटक्यात काठीचं कुलूप (लांबी पक्की धरणारा खटका) घसरून छप्पर अंगावर आलं. टॉर्च तोंडात धरून काठी ११५ सेंटीमीटरवर आणली, कुलूप आवळलं, दार घट्ट लावलं आणि दाराकडच्या दोरीला दुसरी काठी लावून आधार दिला. ठेंगणा झाल्यावर तो शांत उभा राहिला. पहाटेपर्यंत कापड फडफडत होतं, पण एक शिवणही उसवली नाही. दवाचा टिपूस नव्हता, कारण वाऱ्याने सगळी वाफ उडवून नेली.

तेव्हा मोकळ्या पठारावर काठी मुळातच थोडी कमी उंचीवर लावा, कुलूप घरीच तपासा, आणि काठीवर ११५ व १२५ च्या जागी रंगीत टेप चिकटवा, अंधारात मापं शोधावी लागत नाहीत. दार कुठे करायचं हे ठरवताना फक्त आत्ताचा वारा बघू नका. आणि कानात घालायला कापसाचे बोळे न्या.

काही सुटे मुद्दे राहिले. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन चढवलेल्या कापडावर शिवणींची टेप चिकटत नाही, त्यामुळे असे बरेच तंबू शिवणी उघड्या ठेवूनच येतात. हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन सीलंट मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने लावायचं आणि एक दिवस वाळू द्यायचं. गच्चीवर करा, वास येतो. माझी उंची पाच फूट तीन इंच, त्यामुळे डोकं-पाय कापडाला सहसा लागत नाहीत. पावणेसहा फुटांच्या पुढे असाल तर पायाकडे रेनकोट पांघरून झोपा, नाहीतर बॅग ओली होणार. पिसांची बॅग असेल तर हे जास्तच सांभाळा, भिजली की तिची ऊब जाते. तंबूत स्टोव्ह पेटवू नका. कापड पटकन वितळतं, आणि नोव्हेंबरपासून पुढे भोवतालचं गवत वाळलेलं असतं.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, हा तंबू सह्याद्रीत मी नेणार नाही. हवा चोवीस तास दमट, वाळवायला ऊन नाही, दोन दिवसांत आतबाहेर सारखंच पाणी होईल. त्या दिवसांत गावातल्या घरी राहावं, नाहीतर दोन थरांचा तंबू घ्यावा. काठीवर उभे राहणारे दोन थरांचे तंबूही साधारण किलोच्या आत मिळतात. परदेशातून मागवणार असाल तर किमतीत आयात शुल्क धरूनच हिशोब मांडा.

शुक्रवारी तोलार खिंडीच्या वाटेने उतरले. रेलिंग लावलेला कातळटप्पा उतरताना काठ्या सॅकला बांधून हात मोकळे ठेवा. खिरेश्वरला नागेश्वराच्या देवळात थोडी टेकले, मग पिंपळगाव जोग्याच्या धरणाच्या बांधावरून खुबी फाटा. तिथून कल्याणकडे जाणारी एसटी मिळते.

घरी आल्यावर तंबू नळाखाली भिजवून, झटकून पुन्हा वजन केलं : १ किलो ९० ग्रॅम. म्हणजे ओला तंबू सॅकमध्ये कोंबला तर पाव किलो पाणी पाठीवर. आता तो गच्चीत दोरीवर वाळतो आहे, चेनमधली लाल माती जुन्या टूथब्रशने काढून झाली आहे, आणि वाकलेल्या पेगच्या जागी दोन नवे घेतले आहेत.