आधी गॅस बंद करा

“काकू, आधी गॅस बंद करा.”

सकाळी साडेसहाला कोथरूडमधल्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये शिरलेल्या पोलिसाचं हे पहिलं वाक्य. दूध उतू चाललं होतं. काकू नुसत्या बघत उभ्या.

त्यांच्या मुलाला न्यायला दोघं आले होते, साध्या वेशात. अटकेच्या कागदावर साक्षीदार म्हणून मला बोलावलं. धाकट्याने बेडी काढली तसा पहिला म्हणाला, “राहू दे रे, पोरगी बघतेय.” चार वर्षांची ती, दात घासायचा ब्रश तोंडातच.

बरं वाटलं. कायदाही तेच सांगतो म्हणा: पळून जाऊ नये एवढंच बंधन, जास्त नाही. १९८० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बेड्या घालणं चूक ठरवलं. २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात काही गुन्ह्यांत बेड्या घालायची मुभा आहे, तो भाग वेगळा.

पण दोघांच्याही छातीवर नावाची पट्टी नव्हती. ती दिसायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाच्याच १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून ठरलेलं. मला माहीत होतं. तरी मुकाट्याने सही केली. भल्या माणसाला काय विचारायचं?

तुम्ही विचारलं असतंत?