फुकटच्या दुबईचा हिशेब

आमचं निलंग्याला कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. या धंद्याबाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगतो, कंपन्या डीलरला स्कीम देतात. ठरल्याएवढा माल उचलला की मिक्सर, त्याहून जास्त उचलला की गोवा, आणि टार्गेट फोडलं की परदेश. आमची दुबई २०२० च्या उन्हाळ्यातली. ती कोरोनात बुडाली ती २०२१ च्या डिसेंबरात वर आली. डीलरचा खर्च कंपनीचा, बायकोचा ज्याचा त्यानं करायचा.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून पहिला प्रश्न हाच येणार : फुकटात गेला होतात ना, मग रडता कशाला?

प्रश्न वाजवी आहे. त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी गुलाब चक्रीवादळाच्या पावसानं मराठवाडा झोडपून काढला होता. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले आणि नदीकाठचं उभं सोयाबीन पाण्यात गेलं. ऑगस्टात लातूरच्या बाजारात दहा हजारांच्या वर गेलेला भाव माल निघायच्या वेळी पार उतरला होता. ज्यांच्याकडं माझी उधारी थकली होती त्यांचं खळंच झालं नव्हतं. दुकानात बॅग भरल्याची बातमी पोचली तेव्हा एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, ‘‘बरंय मालक, आमचं सोयाबीन पाण्यात अन् तुम्ही दुबईत.’’ तो हसत म्हणाला, मीही हसलो. त्यानं उधारी दिली नाही, मीही त्या दिवशी मागितली नाही.

मंडळी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यामुळं तिला परदेश प्रवासाची परवानगी काढावी लागली, रजा वेगळी. लसीच्या प्रमाणपत्राला पासपोर्ट जोडायचा आणि त्यावर नुसतं वय नाही तर पूर्ण जन्मतारीख आणायची, हे तिनंच मोबाइलवर केलं. सरकारी पोर्टलवर माहिती भरण्यात प्राथमिक शिक्षकांचा हात कुणी धरू शकत नाही.

खरी कसरत होती ती ४८ तासांची. तेव्हा दुबईला जायचं तर विमान सुटायच्या आधी ४८ तासांतला आरटीपीसीआर लागायचा, क्यूआर कोडसकट. तास मोजायचे नाकात काडी घातल्यापासून, रिपोर्ट हातात आल्यापासून नाही. अंधेरीतल्या माणसाला यात काहीच अवघड नाही. आदल्या दिवशी नमुना दिला, रात्री मोबाइलवर रिपोर्ट, सकाळी रिक्षानं विमानतळ. आम्ही काय करायचं? निलंग्याहून लातूर तासाभराच्या वर. तिथं संध्याकाळी नमुना दिला. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी अंधार पडताना आला, तोवर आम्ही बॅगा घेऊन लॅबच्या पायरीवरच. रात्रीची लातूर एक्स्प्रेस धरली, सकाळी मुंबई. गाडी दोन-तीन तास लेट झाली असती तर रिपोर्ट खरा असूनही रद्दी झाला असता. रात्रभर मी स्टेशनं मोजत जागा होतो. कुर्डुवाडीला चहावाला आला तेव्हा त्याला वेळ विचारली, हातात घड्याळ असून.

विमानतळावर आणखी एक झटपट चाचणी असायची, उड्डाणाच्या आधी सहा तासांच्या आत. ती निगेटिव्ह आली तरच पुढं. तिथं आमच्यातला एक माणूस गळाला.

परभणीकडचे डीलर. साठीच्या आसपासचे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. दोन दिवसांपूर्वीचा रिपोर्ट निगेटिव्ह, आता पॉझिटिव्ह. अंगात ना ताप ना खोकला. वहिनींचा निगेटिव्ह. टूरवाल्याचा पोरगा हातातली यादी बघत म्हणाला, ‘‘मॅडम जाऊ शकतात.’’ वहिनींनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ट्रॉलीवरची स्वतःची बॅग उतरवली आणि अण्णांच्या बॅगेवर ठेवली. दहाएक पावलांवर आम्ही उभे होतो, जवळ जायला कुणी सोडेना. अण्णांनी लांबूनच हात केला, जा म्हणून. आम्ही गेलो. ते दोघं पुढं मुंबईत स्वतःच्या पैशानं खोली घेऊन बसले, कारण पॉझिटिव्ह माणसाला तेव्हा रेल्वेतही चढता येत नव्हतं.

दुबईचं वर्णन करत नाही, तिथं जाऊन आलेले गल्लोगल्ली आहेत. एक्स्पो मात्र बघण्यासारखा होता. नाव एक्स्पो २०२०, भरला २०२१ च्या ऑक्टोबरात. त्यालाही आमच्या स्कीमसारखीच वर्षाची वाट बघावी लागली होती. तिथं पासपोर्टसारखी एक छोटी वही विकत मिळायची आणि प्रत्येक देशाच्या दालनात तिच्यावर शिक्का मारून द्यायचे. आमचे डीलर दालन बघायचं सोडून शिक्क्याच्या रांगेत. एकानं ज्या देशाचा शिक्का घेतला तो नकाशात कुठं आहे, हे त्याला आजही माहीत नसेल.

नाताळच्या तोंडावर व्हॉट्सअॅपवर एक कागद आला. मुंबई महापालिकेचा नियम : दुबईहून येणाऱ्यांना सात दिवस घरातच विलगीकरण, सातव्या दिवशी चाचणी. आणि जे मुंबईत राहत नाहीत, महाराष्ट्रात इतरत्र राहतात, त्यांना सार्वजनिक वाहनानं जायला मनाई. त्यांची सोय जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. आम्ही निघालो तेव्हा यातलं काही नव्हतं. २४ तारखेलाच राज्य सरकारनं रात्री नऊ ते सकाळी सहा पाचपेक्षा जास्त लोकांना एकत्र यायला बंदी केली होती. म्हणजे वारं कुठं चाललंय ते दिसत होतं.

नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. राज्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले ते मार्च २०२० मध्ये, पुण्याचं जोडपं, दुबईची सहल करून आलेलं. औरंगाबादच्या पहिल्या रुग्ण बाई रशिया-कझाकस्तानहून आलेल्या. आणि आम्ही निघायच्या थोडंच आधी, १३ डिसेंबरला, लातूरमध्ये ओमायक्रॉनचा, म्हणजे कोरोनाच्या नव्या प्रकाराचा, रुग्ण निघाला, तोही दुबईहून परतलेला. लोकांनी दुबईचं नाव ऐकून चार हात लांब व्हावं, यात त्यांचं काय चुकलं?

हॉटेलच्या लॉबीत त्या रात्री मात्र वादावादी पेटली. बीडकडचे एक डीलर म्हणाले, हा अन्याय आहे, कंपनीनं गाड्या द्याव्यात. नांदेडचा एक तरुण पोरगा, नुकताच बापाचं दुकान बघायला लागलेला, त्यांना म्हणाला, ‘‘काका, आपण हौसेला आलोय. कुणी आवतण दिलं होतं का?’’ काका उठून गेले. मला दोघांचंही पटेना. हौसेला गेलेल्याचं नुकसान झालं तर त्यानं सोसावं, ठीक. पण नियम पाळायला तयार असलेला माणूस विचारतोय की बाबा, तो पाळायचा कसा, ते सांग; तर त्यावर ‘कशाला गेला होतात’ हे काही उत्तर झालं नाही. टूरवाल्याला विचारलं तर तो म्हणे, मुंबईपर्यंत आमची जबाबदारी. मुंबईहून निलंगा सव्वापाचशे किलोमीटर आहे हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

परतीसाठी ७२ तासांतला रिपोर्ट आणि एअर सुविधा या सरकारी पोर्टलवरचा ऑनलाइन फॉर्म. चाचणीला दीडशे दिरहमच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या भावानं तीन हजार रुपये माणशी. फॉर्म भरताना निम्म्या लोकांची बोबडी वळली. पासपोर्टचा फोटो चालायचा नाही, पीडीएफच लागायची. ती मोठी झाली तर जायची नाही. शेवटी आमच्या मंडळींनी लॉबीतल्या सोफ्यावर शाळाच भरवली. एकेकाचा मोबाइल घ्यायचा, फाइल लहान करायची, जोडायची. सीट नंबर विचारला की सगळे हॉटेलचा रूम नंबर सांगायचे. रात्री बारापर्यंत बाई बसून होत्या. दुसऱ्या दिवशी एकानं आणून त्यांना खजुराचा डबा दिला. दुबईत खजूर भेट देणं म्हणजे लातुरात तूरडाळ देणं.

मुंबईत उतरल्यावर टेबलावर पत्ता लिहून घेतला, घरातच राहीन अशी हमी घेतली. रेल्वेची तिकिटं आधीच रद्द केली होती. जिल्ह्याची गाडी कोण पाठवणार, हे विचारायला दुबईहूनच एका सरकारी नंबरवर फोन लावला होता. पलीकडचा पोरगा प्रामाणिक. म्हणाला, ‘‘काका, कागद माझ्याही हातात आत्ताच आलाय. मुंबईपर्यंत पाठवायला गाडी कुठनं आणू? तुम्ही खासगी करा, गाडीचा नंबर अन् ड्रायव्हरचं नाव मला पाठवा, मी वर कळवतो.’’ मला हेच हवं होतं, कुणीतरी सरळ सांगणं. तीन जोडप्यांनी मिळून लातूरहून एक मोठी गाडी मागवली. जाण्यायेण्याचं डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता धरून जे बिल झालं त्यात बायकोचं अर्धं दुबईचं तिकीट आलं असतं.

पुणे सोडलं, टेंभुर्णीला वळलो. उसाचा हंगाम, त्यामुळं पुढं सगळा रस्ता दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरनी भरलेला. मागच्या सीटवर कुणीतरी विलगीकरणाचं रडगाणं गात होतं. ड्रायव्हर केजकडचा. मास्क लावून बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘‘माझे मायबाप लॉकडाऊनच्या साली कोल्हापूरकडं ऊसतोडीला कारखान्यावर अडकलते. कारखाना बंद झाला तरी सोडंनात. एप्रिलात सरकारनं परवानगी दिली तवा आले. गावात घेतलं नाही, शेतात खोप करून राहिले. म्हातारीला विंचू चावला तिथंच.’’ गाडीत कुणी बोललं नाही. त्यानंच विचारलं, ‘‘तुम्हाला घरातच राहायचंय ना?’’

हो, घरातच. बार्शी, येडशी, मुरूड करत पहाटे लातूर, उजाडताना निलंगा. आरोग्य खात्याच्या आशाताई नऊलाच दारात. कट्ट्याखाली उभ्या राहून ताप विचारायच्या, ऑक्सिमीटर पायरीवर ठेवून मागं सरकायच्या, मी बोट घालून आकडा सांगायचा. तेवढ्यासाठी त्या उन्हात गाव फिरत होत्या, आणि मानधन किती मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुधवाल्यानं पहिल्या दिवशी पातेलं न घेताच दूध पिशवीतून कुंपणाला अडकवलं. शेजारच्या काकू गच्चीवरून ओरडून विचारायच्या, ‘‘दुबईहून आलाव म्हनं? सोनं आणलं का करोना?’’ मंडळींना शाळेत वेगळी रजा टाकावी लागली. दुकान पोरानं सांभाळलं, हरभऱ्याच्या फवारणीचा माल होता म्हणून बरं, नाहीतर गिऱ्हाईक फिरकलं नसतं. सातव्या दिवशी चाचणी निगेटिव्ह.

११ जानेवारीपासून केंद्रानं परदेशातून येणाऱ्या सगळ्यांनाच सात दिवस घरी बसवलं, आणि १४ फेब्रुवारीला ते काढूनही टाकलं. महिनाभराच्या फरकानं एकाच दुबईला गेलेल्या दोन माणसांचे दोन वेगळे हिशेब. त्याचं मला वाईट वाटत नाही. रोग तसा बदलत होता, नियम त्याच्या मागं धावत होते.

वाईट वाटतं ते अण्णांचं, आणि इथं मी सहानुभूती मागतो, फुकटचा म्हणा की हौशी म्हणा. त्यांच्या स्वतःच्या वाट्याचे पैसे कंपनीचे होते, गेले तर गेले. वहिनींचे मात्र त्यांनी खिशातून भरले होते. ते परत मागितल्यावर टूरवाल्याचं पत्र आलं : सदर महिला प्रवाशाची चाचणी निगेटिव्ह असून त्यांना प्रवासास कोणतीही हरकत नव्हती, त्यांनी स्वेच्छेने प्रवास रद्द केला, सबब रक्कम परत करता येत नाही. साठीला टेकलेला नवरा पॉझिटिव्ह म्हणून विमानतळावर एकटा सोडून बाईनं एक्स्पो बघायला जायला हवं होतं, आणि गेली नाही ही तिची हौस.

अण्णा मग ग्राहक आयोगात जायचं म्हणाले. वकिलानं साक्षीदार मागितले. बरेच डीलर मागं सरले, कारण टूरवाला पुढच्या स्कीमलाही तोच असणार होता. आमच्या मंडळींनी स्वतःहून प्रतिज्ञापत्र लिहून दिलं, मी खाली सही केली. वकिलाला त्यातलं एक वाक्य नको होतं, कायद्यात बसत नाही म्हणाला. बाईंनी ते काढू दिलं नाही : ‘‘त्यांना ‘मॅडम जाऊ शकतात’ असे सांगण्यात आले, मात्र मागे राहिलेल्या त्यांच्या पतीची कोणती सोय केली आहे, हे सांगण्यात आले नाही.’’